मागच्या खोलीतल्या वर्कशॉपची आवराआवर: प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर

बेंच वाइसच्या जबड्याचा एक स्क्रू दोन महिने नुसता फिरतोय, धरत नाही. आतले आटे गेलेत. एम-५चं (५ मिमीच्या स्क्रूचं) भोक आहे, ते मोठं करून एम-६चे आटे पाडले की झालं. ५ मिमीचं बिट, एम-६चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), थोडं तेल. अर्ध्या तासाचं काम.

बिट शोधण्यातच पाऊण तास गेला. ते निघालं नळाच्या सामानात, टेफ्लॉन टेपच्या रिळाखाली. टॅप नाहीच सापडला. घरात तो नक्की आहे, कारण मी तो दोनदा आणलाय.

वाइसचं काम राहिलं बाजूला. मागची खोली आवरायला घेतोय, आणि नोंदी लिहितोय, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात मी काय ठरवलं होतं तेच विसरतो. खोली तीन मीटर बाय अडीच. बेंच १८० सेंमी लांब, ६० रुंद. त्यातला मोकळा भाग आज उघड्या वहीएवढा आहे.

कुठून सुरुवात करतोय ते नंतर कळावं म्हणून एक चाचणी घेतली. मुलीने दहा वस्तूंची यादी केली: दहाचा पाना, गुण्या, पाणसळ, सहाची अॅलन की, बारीक कानस, पक्कड, टेप, हॅकसॉचं पातं, ५चं बिट, टेस्टर. तिने घड्याळ लावलं, मी शोधायला लागलो. एकोणीस मिनिटांत आठ वस्तू. पाणसळ आणि दहाचा पाना मिळालेच नाहीत. ५चं बिट नुकतंच सापडलेलं, ते शोधायलाही परत दोन मिनिटं लागली, हे विशेष.

नियम एकच केलाय: सगळं डोळ्यांखालून जाईपर्यंत एकही डबा, ट्रे किंवा रॅक विकत आणायचा नाही. मागच्या वेळी मी आधी डबे आणले होते. आता ते डबेच अडगळीत आहेत.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी बाहेर ताडपत्री अंथरली आणि खोली रिकामी केली. बाहेर काढायलाच तीन तास. सगळं एकदम बाहेर काढावं की एकेक कप्पा घ्यावा, यावर माझं मत आता पक्कं झालंय: एकदम. कप्प्याकप्प्याने आवरताना तीच पक्कड चार ठिकाणी चार वेळा भेटते आणि दर वेळी ती एकच असल्यासारखी वाटते. ताडपत्रीवर चारही पकडी शेजारी शेजारी पडल्या की बोलायला काही उरत नाही.

मोजदाद: स्क्रू ड्रायव्हर १७, टेप ५, हॅकसॉच्या फ्रेम ३, पक्कडी ४, हातोड्या ३ (एकीचा दांडा नाही), गुणे २, एम-६चे टॅप २. हो, दोन्ही सापडले, एकाच पिशवीत. दुसरा आणला तेव्हा मी तो पहिल्याच्या शेजारी ठेवला होता आणि तरी मला पहिला दिसला नव्हता.

सतरा स्क्रू ड्रायव्हरपैकी नऊ अधिकच्या चिन्हाचे. त्यांतल्या पाचांची टोकं गोल झालेली. दोन तर वेगळ्याच जातीचे निघाले: टोकावर फुलीच्या मधोमध आणखी बारीक कंगोरे. हे पोझिड्राइव्ह. फिलिप्सच्या (साध्या फुलीच्या) खाचेत ते नीट बसत नाहीत, आणि फिलिप्सचं टोक पोझिड्राइव्हच्या खाचेत घसरतं. कपाटाच्या बिजागरांचे स्क्रू माझ्या हातून नेहमी का खराब व्हायचे ते आज कळलं. स्क्रूच्या माथ्यावर फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा दिसल्या की पोझिड्राइव्ह घ्यायचा. ते दोन ठेवले, दांड्याला पिवळी टेप गुंडाळली.

ढीग तीन केले: ठेवायचं, द्यायचं-टाकायचं, आणि ठरत नाही. "ठरत नाही"साठी एकच खोकं. ते भरलं की त्यातली एक वस्तू काढल्याशिवाय दुसरी आत जाणार नाही.

संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं परत आत न्यावं लागलं, म्हणजे खोलीत आता आधीपेक्षा जास्त पसारा आहे. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आवरून झालं का?" उत्तर दिलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पाच टेपपैकी कोणती ठेवायची म्हणून एकाच फळीवर पाचही लावून बघितल्या. चार म्हणाल्या ६०४ मिमी. पाचवी म्हणाली ६०५.

पाचवी म्हणजे माझी नेहमीची, खिशात असते ती. तिच्या टोकाचा हुक सैल होता म्हणून मीच तीन-चार वर्षांपूर्वी त्याचे रिव्हेट ठोकून घट्ट केले होते. आता कळलं की तो हुक सैलच असावा लागतो. हुकाच्या पत्र्याची जाडी साधारण १ मिमी. टेप फळीच्या कडेला अडकवून ओढली की हुक तेवढा बाहेर सरकतो आणि शून्य पत्र्याच्या आतल्या बाजूला येतं. खोक्याच्या आत टेकवून माप घेतलं की हुक तेवढाच आत जातो आणि शून्य बाहेरच्या बाजूला. म्हणजे दोन्हीकडून माप बरोबर. मी तो आत ढकललेल्या स्थितीत ठोकून बसवला, म्हणून अडकवून घेतलेलं प्रत्येक माप १ मिमी जास्त आणि कापलेली प्रत्येक फळी १ मिमी आखूड.

हॉलमधल्या कपाटाचे ड्रॉवर का खुळखुळतात, त्याचा दोष मी आजवर लाकडाला देत होतो.

ती टेप टाकली. दोन ठेवल्या, दोन दिल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस डबे-बाटल्यांचा. हे काम कंटाळवाणं समजत होतो, पण जपून करायचं काम हेच निघालं.

रंगाचे अकरा डबे. सातांत रंग खडखडीत वाळलेला. सिलिकॉनच्या नळ्या तीन, तिन्हींची मुदत गेलेली. कागदावर रेघ ओढून ठेवली, चोवीस तासांनी बघणार. (रविवारची भर: एकीवर साय धरली, दोन तशाच चिकट. दोन टाकल्या.) पांढऱ्या सरसाचा डबा उघडला तर तारा सुटतात, गेला.

फळीच्या मागे जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा सापडला. गेल्या वर्षी बेंचला तेल दिलं तेव्हाचा. आता तो वाळून पापड झालाय, म्हणजे निरुपद्रवी, पण त्या रात्री तो तसा नव्हता. हे तेल नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि तसं होताना गरम होतं. चिंधी पसरलेली असली तर उष्णता निघून जाते. बोळा असला तर आतल्या आत साठत जाते, आणि कुणी काडी न लावता तो पेटू शकतो. मी तो बोळा लाकडाच्या भुशाशेजारी ठेवला होता. आता नियम: तेलाची चिंधी एकेरी पसरून बाहेर वाळत घालायची, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

ड्रिलची जुनी लिथियम बॅटरी फुगलेली. ती उघडायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. वाळूच्या बादलीत घालून बाहेर ठेवली आहे, सोमवारी ई-कचऱ्यात. उरलेल्या दोन बॅटऱ्या मी कायम पूर्ण चार्ज करून ठेवत असे. बरेच दिवस नुसत्या ठेवायच्या असतील तर अर्ध्यावर ठेवलेल्या जास्त टिकतात.

आणि ही नोंद मुद्दाम लिहितोय, मला लाज वाटावी म्हणून: पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत थिनर होता. बाटलीवर काहीही लिहिलेलं नाही. भरलेला मीच. घरात लहान मूल आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज बाबा मदतीला आले. स्टुलावर बसले आणि स्क्रू-नट-बोल्टांचा मोठा डबा समोर ओढला. त्यांचाच डबा तो, मला वारशात मिळालेला.

पहिलं काम लोहचुंबक फिरवणं. लोखंड उचललं गेलं, मागे पितळ आणि बहुतेक स्टेनलेस राहिलं. निम्मं काम पाच मिनिटांत. मग बोल्ट. एम-६ आणि पाव इंची डोळ्याला सारखेच दिसतात: एक ६ मिमी, दुसरा ६.३५. एम-६ला पाव इंचीचा नट सुरुवातीला थोडा जातो आणि मग अडकतो, आणि आपण जोर लावला तर दोघांचेही आटे जातात. बाबांनी त्याची युक्ती दाखवली. ज्याबद्दल खात्री आहे असा एक एम-६ बोल्ट घ्यायचा, संशयिताला आडवा चिकटवायचा, आट्यात आटा घालून उजेडासमोर धरायचा. आटे एकमेकांत बसले, मध्ये उजेड दिसला नाही, तर एकाच जातीचे. एम-६च्या आट्यांतलं अंतर १ मिमी, सर्वसाधारण पाव इंचीचं १.२७, चार-पाच आट्यांतच फट दिसायला लागते.

दोन तास झाले तरी डब्याचा तळ दिसेना. मी हात टेकले. म्हटलं, "बाबा, उरलेलं टाकून देऊ. इतका वेळ घालवण्यासारखं नाही."

"टाक की. तुझा डबा आहे." मग बराच वेळ गप्प. मग, "वाकडे खिळे वेगळे काढ फक्त. सरळ होतात ते."

तडजोड अशी: एम-४, एम-५, एम-६, एम-८ आणि लाकडाचे तीन मापांचे स्क्रू वेगळे. बाकी सगळं एका उथळ, पसरट ट्रेमध्ये, वर चिठ्ठी: सटरफटर. खोल डब्यातलं सटरफटर म्हणजे अडगळ, पण उथळ ट्रेमधलं एका नजरेत दिसतं. सगळ्याचंच वर्गीकरण करायला बसलो असतो तर डिसेंबर उजाडला असता. वाकडे खिळे बाबा घेऊन गेले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गंजलेल्या तीन पटाश्या काल रात्री व्हिनेगरमध्ये बुडवल्या. सकाळी दोन काढल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळल्या, पुसून गरम हवेत वाळवल्या, तेल लावलं. छान निघाल्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डबे आणले! झाकणाचे, पारदर्शक, एकावर एक बसणारे, बारा. प्रत्येकाला मुलीने चिठ्ठी लावली: कापायचं, मोजायचं, घासायचं, पकडायचं, वीज, नळ. तीन-तीनची चळत, वरच्या फळीवर. फोटो काढला. खोली अशी दिसते की आपलीच आहे यावर विश्वास बसत नाही.

तिसरी पटाशी व्हिनेगरमध्येच राहिली होती. आज आठवली. गंज गेला, पण पोलादही गेलं: पाठीवर बारीक खड्डे, धार करवतीसारखी. घासून बघेन, आशा नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाच दिवस. बेंच पुन्हा भरलं.

आज संध्याकाळी एका खुर्चीचा पाय चिकटवत होतो आणि मध्येच थांबून स्वतःकडेच बघितलं. डाव्या हातात क्लॅम्प, उजव्या हाताला सरस. स्क्रू ड्रायव्हर ठेवायचा आहे. तो "पकडायचं" मध्ये जातो (का? तेव्हा पटलं होतं). तो डबा चळतीत मधला. म्हणजे वरचा डबा उतरवा, कुठेतरी टेकवा, मधल्याचं झाकण उघडा, ड्रायव्हर टाका, झाकण लावा, वरचा परत चढवा. सहा हालचाली, दोन्ही हात मोकळे हवेत, आणि वरचा डबा टेकवायला बेंचवर जागा हवी. ड्रायव्हर अर्थातच बेंचवर पडला. त्याच्या शेजारी पक्कड, त्याच्या शेजारी टेप.

मी आळशी आहे म्हणून पसारा होतो असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. तेही असेल. पण वस्तू काढताना मला ती हवी असते, म्हणून मी सहा काय दहा हालचाली करेन. ठेवताना मला ती नको असते. मन पुढच्या कामात गेलेलं असतं. तिथे दुसरी हालचालसुद्धा जास्त होते. मी सगळी मांडणी "कसं सापडेल" यावर केली. ती "कसं ठेवलं जाईल" यावर करायला हवी होती.

नवी कसोटी: डावा हात खिशात घालून, न बघता, एका हालचालीत ठेवता आलं पाहिजे. रोज लागणाऱ्या वस्तूंना ही कसोटी सक्तीची. महिन्यातून एकदा लागणारं खुशाल झाकणाच्या डब्यात राहावं.

मुलीला सांगितलं की चिठ्ठ्या काढाव्या लागतील. "मग मला आधी का लावायला सांगितल्या?" बरोबर आहे तिचं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भिंतीवर फ्रेंच क्लीट. पेगबोर्डचा (हुक अडकवायच्या भोकाभोकांच्या फळ्याचा) विचार केला होता, पण वस्तू उचलताना त्याचे हुकही बरोबर निघून येतात, तो अनुभव घेऊन झालाय.

क्लीट म्हणजे १८ मिमी प्लायची पट्टी लांबीला ४५ अंशांत चिरायची. एक अर्धा भिंतीला, दुसरा टांगायच्या खोक्याच्या पाठीला. तिरप्या कडा एकमेकींत बसतात, वजनाने खोकं भिंतीकडे ओढलं जातं. खोकं उचललं की निघतं, कुठेही सरकवता येतं, म्हणून जागा चुकली तरी नवीन भोक नको. मला हवं होतं ते हेच, कारण माझ्या जागा चुकतात.

विटांच्या भिंतीत ८ मिमीची भोकं, प्लग, दर ४० सेंमीला एक स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, तारा बहुधा तिथूनच जातात. तेवढा पट्टा खडूने आखून सोडून दिला.

पहिली पट्टी घट्ट बसवली, अभिमानाने खोकं टांगलं, ते घसरून पायावर. पट्टी उलटी! भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीकडे हवा, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यात खाच तयार होते आणि खोक्याची कड त्यात रुतते. मी उतार खोलीकडे ठेवला होता, म्हणजे घसरगुंडीच. पाच स्क्रू काढा, पट्टी फिरवा, पाच स्क्रू लावा. अंगठा काळानिळा.

पाणसळ सापडली, बेंच सरकवताना भिंत आणि पायाच्या मध्ये. तिच्याशिवाय पट्टी मी डोळ्याने सरळ धरली होती. तपासली: दीड मीटरला ४ मिमी तिरकी. राहू दे.

रविवार, २३ नोव्हेंबर

कशाच्या शेजारी काय, हे ठरवण्यात दिवस गेला. जातवारी सोडून दिली. पाने एकीकडे, करवती एकीकडे असं नाही. मी जिथे उभा राहून ते काम करतो तिथे. वाइसच्या वर कानशी, हॅकसॉ, ब्रश. बेंचच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आखणी करतो, तिथे गुण्या, टेप, पेन्सिल, चाकू. परिणामी कात्र्या दोन ठिकाणी, पेन्सिली तीन ठिकाणी. म्हणजे दुबार वस्तू सगळ्याच वाईट नव्हत्या. त्या चुकीच्या जागी दुबार होत्या.

कंबर ते डोळे या उंचीत रोजचं. जड सामान खाली. कानशी एकमेकींवर टाकल्या की दात बोथट होतात, म्हणून प्रत्येकीला वेगळी खाच. पटाश्यांनाही तसंच. स्क्रू ड्रायव्हरसाठी फळीला भोकं, दांड्यापेक्षा लहान आणि पात्यापेक्षा बरीच मोठी: भोक नेमक्या मापाचं असलं की ते बघून घालावं लागतं आणि कसोटीत नापास होतं. १४ मिमीची पाडली. डावा हात खिशात, डोळे मिटून. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. बायकोने हे बघितलं आणि काही न बोलता निघून गेली.

वरची १२० सेंमीची फळी मध्ये वाकली होती. उलटी करून बसवणार होतो, पण ती परत वाकणार. ओझं सारखं पसरलेलं असेल तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे मध्ये एक आधार दिला की काम झालं, जाड फळी आणायची गरज नाही. एक ब्रॅकेट, दोन स्क्रू.

मंगळवार, २ डिसेंबर

वाइस दुरुस्त. बिट हाताशी, टॅप हाताशी. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव मागे, चुरा मोडत. वीस मिनिटं.

शनिवार, ६ डिसेंबर

तीच यादी, तेच घड्याळ, मुलगी तीच. नऊ वस्तू २ मिनिटं ४० सेकंदांत. यावेळी परत ठेवायलाही वेळ लावला: १ मिनिट ५५. बेंच दोन आठवडे मोकळं आहे, म्हणजे ओढाताण न करता मोकळं.

दहाचा पाना नाही. आठचा आहे, अकराचा आहे, तेराचे दोन आहेत.

झाकणाच्या बारा डब्यांपैकी पाच वापरात आहेत, क्वचित लागणाऱ्या सामानाला. सात बायकोने नेले.

"ठरत नाही" खोक्यात अकरा वस्तू होत्या, आज मोजल्या तर दहा. बाबांचं हाताने फिरवायचं दात्यांचं ड्रिल गायब. मग भिंतीवर दिसलं, वाइसच्या उजवीकडे, क्लीटच्या एका तुकड्यावर दोन खिळ्यांना टांगलेलं. खिळे ठोकून सरळ केलेले. जागा मी निवडली असती त्यापेक्षा चांगली आहे.

अडलंय ते सोल्डरिंग आयर्नपाशी. काम संपतं तेव्हा तो गरम असतो, लगेच जागेवर ठेवताच येत नाही, आणि गार होईपर्यंत मी खोलीतून गेलेलो असतो. त्याला एका हालचालीची कसोटी लागूच होत नाही. सध्या बेंचच्या कोपऱ्यात फरशीचा तुकडा बसवून त्यावर स्टँड पक्का केलाय. तेवढी वीतभर जागा बेंचमधून वजा. टायमरचा प्लग लावून बघायचा आहे, पुढच्या शनिवारी.